आईच्या अंगावर उमलणारें मूल



पानफुटीचें पान आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. तें जाडसर, रसाळ पान नुसतें खिडकींत ठेवून दिलें तरी थोड्याच दिवसांत त्याच्या कांठावरील खांचांतून इवलालीं रोपें डोकावूं लागतात. त्यासाठीं फूल लागत नाहीं कीं बीं लागत नाहीं. केळीच्या बुंध्याशीं फुटणाऱ्या मुनव्यांचेंही तसेंच. वनस्पतींच्या बाबतींत हा प्रकार आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं त्यांत नवल असें कांहींच वाटत नाहीं. पण भक्ष्य पकडून खाणाऱ्या, एका जागेवरून दुसऱ्या जागीं जाणाऱ्या एखाद्या प्राण्याच्या कुशीला झाडाच्या डहाळीप्रमाणें मूल फुटतें, असें कोणी सांगितलें तर ती पुराणांतली कथा वाटेल. तथापि गांवाबाहेरच्या स्वच्छ तळ्यांत हा व्यवहार निमूटपणें चाललेला असतो. फक्त तो पाहण्यासाठीं थोडा धीर आणि एक भिंग पाहिजे.

या प्रकाराला शास्त्रीय परिभाषेंत 'मुकुलायन' असें म्हणतात. मुकुल म्हणजे कळी. येथें नर-मादीचा संयोग नाहीं. एकाच जीवाच्या अंगावर कळी येते, ती वाढते आणि अखेर सुटी होऊन स्वतंत्र जीव म्हणून वावरूं लागते. केवळ एक चमत्कार म्हणून हा विषय आपणांपुढें मांडावा असा माझा हेतु नाहीं. जन्म, वार्धक्य आणि मृत्यु हे तीन शब्द आपण एका दमांत उच्चारतों. जो जन्मास आला तो म्हातारा होणार आणि मरणार, हें जीवनाच्या करारांतलें पहिलेंच कलम आहे अशी आपली समजूत असते. तें कलम खरोखर मुळांतलें आहे कीं मागाहून घातलेलें आहे, हें पाहावयाचें असेल तर या क्षुद्र जीवांच्या दारीं गेलें पाहिजे.

आरंभ स्वयंपाकघरापासून करूं. पाव फुगतो तो यीस्ट नांवाच्या सूक्ष्म जीवामुळें. मराठींत त्याला किण्व म्हणतात. गोव्यांतील पोदेर पूर्वी पिठांत माडाची सूर घालून पाव फुगवीत, तें सुरेंतल्या किण्वाच्याच जोरावर. हा जीव म्हणजे एकच एक पेशी. तिचा व्यास मिलिमीटरच्या सुमारें दोनशेंव्या भागाएवढा. हॉलंडमधील लेवेनहूक यानें १६८० सालीं आपल्या भिंगांतून किण्वाचे गोल कण पाहिले होते. पण ते सजीव आहेत हें त्याच्या ध्यानांत आलें नाहीं. पुढें १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्यें कान्यार-लातूर आणि जर्मनींत श्वान या दोघांनीं एकमेकांवर अवलंबून न राहतां या कणांना कळ्या फुटतांना पाहिल्या, आणि ज्याला कळी फुटते तो जिवंतच असला पाहिजे असा निर्णय दिला.

किण्वाची कळी कशी येते पाहा. पेशीच्या अंगावर एके ठिकाणीं बारीक फुगवटा दिसूं लागतो. पेशींतील केंद्रक दुभंगतें आणि त्याचा एक वांटा चिंचोळ्या मानेंतून त्या फुगवट्यांत सरकतो. मग मधें भिंत उभी राहते आणि लेक आईपासून अलग होते. ऊब आणि साखर भरपूर असली कीं हा सर्व सोहळा सुमारें दीड तासांत आटोपतो. मात्र जेथून लेक सुटली तेथें आईच्या अंगावर एक वर्तुळाकार व्रण कायमचा राहतो. हे व्रण मोजले कीं त्या पेशीला किती लेकी झाल्या हें सांगतां येतें. आई अशी साधारणपणें वीस-तीस वेळां प्रसवते आणि मग थांबते व मरते. १९५९ सालीं मॉर्टिमर आणि जॉन्स्टन या संशोधकांनीं एकेका पेशीवर पाळत ठेवून हें दाखवून दिलें. विशेष असें कीं, म्हाताऱ्या आईची लेकही बहुधा कोऱ्या पाटीनें जन्माला येते. पेशींत सांचलेला मोडका-तोडका माल बराचसा आई स्वतःपाशींच ठेवून घेते, लेकीच्या पदरांत बांधीत नाहीं. म्हणजे येथें आई कोण आणि मूल कोण हें निश्चित सांगतां येतें : जिच्या अंगावर व्रण आहेत आणि जी थकत चालली आहे ती आई.

इतक्या साध्या जीवालाही जर म्हातारपण चुकलें नाहीं, तर तें कोणालाच चुकणार नाहीं असें कोणी म्हणेल. म्हणून आतां तळ्याकडे वळूं.

१७४० सालची गोष्ट. हॉलंडमध्यें हेग शहराजवळ काउंट बेंटिंक याच्या वाड्यावर अब्राहम ट्रेंबले नांवाचा तीस वर्षांचा तरुण शिक्षक त्याच्या दोन मुलांना शिकवीत असे. ट्रेंबले मूळचा जिनीव्हाचा. आपल्या परिचयाचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक हा पुढील काळांत याच बेंटिंक कुळांत जन्मला. मुलांना सृष्टीचा परिचय व्हावा म्हणून ट्रेंबले डबक्यांतलें पाणी व पाणवनस्पति काचेच्या बरण्यांत भरून ठेवीत असे. त्या बरण्यांत त्याला हिरव्या रंगाचे, एका टोंकाला तंतु असलेले बारीक देंठ दिसले. प्रथम त्यानें त्यांना वनस्पति समजून सोडून दिलें. पण बरणी हालली कीं ते देंठ आंखडत, पुन्हां लांबत. आणि बरणीची बाजू फिरवली तर कांहीं काळानें हळूहळू उजेडाच्या बाजूला येऊन बसत.

वनस्पति कीं प्राणी? हा प्रश्न सोडविण्यासाठीं ट्रेंबलेनें एक साधी युक्ति योजिली. वनस्पतीचे दोन तुकडे केले तर दोन्ही जगूं शकतात, प्राण्याचे केले तर तो मरतो. तेव्हां कापूनच पाहावें. २५ नोव्हेंबर १७४० रोजीं त्यानें तसें केलें. दोन्ही तुकडे जगले. इतकेंच नव्हे, तर थोड्या दिवसांत शेपटाच्या तुकड्याला नवें तोंड आणि नवे बाहु फुटले! म्हणजे निकाल वनस्पतीच्या बाजूनें लागला. पण त्याच जीवाला बारीक किडे पकडून गिळतांना ट्रेंबलेनें पुढें डोळ्यांनीं पाहिलें. १७४१ च्या आरंभीं त्याला या जीवाच्या अंगावर कळ्या फुटतांनाही दिसल्या. या कळ्यांचा उल्लेख लेवेनहूकच्या १७०३ सालीं छापलेल्या पत्रांत आला होता; पण त्याकडे विशेष कोणाचें लक्ष गेलें नव्हतें. ट्रेंबलेनें मात्र हा विषय सोडला नाहीं. एका प्राण्याचें डोकें पुनःपुन्हां चिरून त्यानें सात तोंडांचा प्राणी तयार केला. पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें रेओम्यूर यानें हें वृत्त १७४१ सालीं ठेवलें; लंडनच्या रॉयल सोसायटीनें १७४३ सालीं ट्रेंबलेला कोप्ली पदक दिलें; आणि १७४४ सालीं त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एक डोकें तोडलें कीं दोन फुटणाऱ्या ग्रीक पुराणांतील सर्पाचें नांव लिनीअसनें या प्राण्याला दिलें, तें हायड्रा.

त्या काळच्या विचारवंतांना या वार्तेनें मोठें कोड्यांत टाकलें. प्राण्याच्या ठिकाणीं आत्मा एक आणि अविभाज्य, अशी त्यांची श्रद्धा. मग सुरीच्या एका घावानें एकाचे दोन प्राणी झाले तर आत्म्याचे काय झालें? आणि कळी आईपासून नेमकी कोणत्या क्षणीं वेगळी झाली म्हणावयाची?

हा शेवटचा प्रश्न वाटतो तितका पोकळ नाहीं, हें हायड्राची शरीररचना पाहिली म्हणजे कळतें. हायड्रा म्हणजे फार तर सेंटिमीटरभर लांबीची एक पोकळ नळी. तिचें एक टोंक कशाला तरी चिकटलेलें. दुसऱ्या टोंकाला तोंड आणि त्याभोंवतीं दंशपेशींनीं भरलेले लवचिक बाहु. भिंत पेशींच्या दोन थरांची. हृदय नाहीं, रक्त नाहीं, मेंदु नाहीं. मज्जापेशींचें एक विरळ जाळें तेवढें सर्वांगभर पसरलेलें. नळीच्या मध्याच्या थोडें खालीं, एका ठराविक पट्ट्यांत, भिंतीला फुगवटा येतो. तो दोन्ही थरांचा असतो आणि त्याची पोकळी आईच्या पोटाशीं सलग असते. मग त्याच्या टोंकाला बाहु उगवतात, तोंड उघडतें. या अवस्थेंत आईनें गिळलेलें अन्न कळींत उतरतें. आणि कळीनें पकडलेलें भक्ष्यही आईच्या पोटांत जाऊं शकतें. दोन तोंडें, चूल एक! शेवटीं कळीचें बूड आवळत जातें आणि तीन-चार दिवसांत तें पिल्लू सुटून वेगळें बिऱ्हाड करतें. किण्वाप्रमाणें येथें आईच्या अंगावर व्रण राहत नाहीं.

कळी नेमकी तेथेंच कां येते? १९०९ सालीं एथेल ब्राउन या अमेरिकन विदुषीनें एका हायड्राच्या तोंडाजवळचा बारीकसा तुकडा दुसऱ्याच्या कुशींत रोपला, तेव्हां त्या जागीं नवा हायड्रा उगवला; आणि त्याच्या बांधणीसाठीं यजमानाच्याच पेशी कामीं लागल्या. त्या तुकड्यांत जणूं नव्या घराचा आराखडाच होता. पुढील संशोधनावरून असें दिसून आलें कीं हायड्राचें डोकें आपल्या आसपास दुसरें डोकें उगवूं देत नाहीं. त्याचा हा धाक अंतराबरोबर कमी होत जातो, आणि जेथें तो पुरेसा ओसरतो तेथें कळीला वाव मिळतो. गिरर आणि माइनहार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनीं १९७२ सालीं या विचाराला गणिताचें रूप दिलें. आपल्याकडेही पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत हायड्राच्या वाढीचा आणि घडणीचा अभ्यास झालेला आहे.

कळी सुटलीच नाहीं तर काय होतें, हेंही येथें सांगितलें पाहिजे. हायड्राचे समुद्रांतील कित्येक नातलग आपल्या कळ्यांना दूर जाऊं देत नाहींत. मालवणच्या समुद्रांत पोवळ्यांचे जीव आहेत. त्यांतील एका जीवापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा असें मुकुलायन होत होत हजारों जीवांची वसाहत बनते आणि त्यांच्या चुन्याच्या सांगाड्यांचे खडक होतात. मुंबईच्या चौपाट्यांवर पावसाळ्यांत निळसर फुग्यांसारखे जे जीव वाहून येतात आणि ज्यांच्या लांब दोऱ्यांचा स्पर्श झाल्यास अंगाची आग होते, ते 'ब्लू बॉटल' पुष्कळांना ठाऊक आहेत. तो एकच प्राणी दिसतो. वस्तुतः तें कळ्यांचें एकत्र कुटुंब आहे. एका अंड्यापासून निघालेल्या जीवाला कळ्यांमागून कळ्या फुटल्या. कांहींनीं दंश करण्याचें काम पत्करलें, कांहींनीं अन्न पचविण्याचें, कांहींनीं प्रजननाचें. त्यांना वेगळें केलें तर त्यांचा निभाव लागत नाहीं. तेव्हां 'एक प्राणी' म्हणजे काय, याचें उत्तर निसर्गानें सर्वत्र सारखें दिलेलें नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. किण्वाची आई म्हातारी होते; हायड्राची होते काय? हें ठरवावयाचें तर हायड्रा वर्षानुवर्षें पाळून पाहण्यावांचून गत्यंतर नाहीं. अमेरिकेंतील मार्टिनेझ यानें चार वर्षें हायड्रा पाळले आणि १९९८ सालीं जाहीर केलें कीं वयाबरोबर त्यांचें मरणाचें प्रमाण वाढलेलें दिसत नाहीं. मग अधिक मोठ्या प्रमाणावर तोच उद्योग करण्यांत आला. २,२५६ हायड्रांवर आठ वर्षें लक्ष ठेवून काढलेले निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. बहुतेक गटांत वर्षाकांठीं सुमारें १६७ हायड्रांमागें एक मेला. आणि हें प्रमाण तरुण व वयस्क यांच्यांत सारखेंच राहिलें. कळ्या देण्याची शक्तिही वयानें खालावली नाहीं.

याचें कारण त्यांच्या पेशींत आहे. हायड्राच्या अंगांतील मूलपेशींचें विभाजन अखंड चालू असतें. नवीन पेशी येतात आणि जुन्या दोन्ही टोंकांकडे ढकलल्या जाऊन गळून पडतात. कांहीं आठवड्यांत बहुतेक सारें शरीर नवें होतें. वाडा तोच, पण वीट न् वीट बदललेली! अन्न मुबलक असलें म्हणजे या वाढीचा जो शिलकी भाग उरतो त्याचीच कळी होते. उपासमार झाली कीं कळ्या थांबतात आणि हायड्रा आकारानें लहान होऊं लागतो. अशा प्राण्यांत आई वडील आणि मूल धाकटें असें म्हणण्यांत फारसा अर्थ उरत नाहीं. दोघांचींही शरीरें सारखींच नवीं असतात. याचा अर्थ हायड्रा अमर आहे असा कोणी करूं नये. तळें आटलें, मासा आला, अन्न संपलें तर तो मरतोच. मरण त्याला बाहेरून येतें. म्हातारपण मात्र आंतून उगवत नाहीं.

मग सर्वच प्राण्यांनीं हा मार्ग कां धरला नाहीं? या सोईला एक मोल आहे, आणि तें म्हणजे एकसारखेपणा. कळीला आईचे गुण जसेच्या तसे मिळतात, आणि दोषही. हा धोका केवढा असतो हें आरंभीं सांगितलेल्या मुनव्यांवरून कळेल. अमेरिका व युरोप यांच्या बाजारांत एके काळीं ग्रो मिशेल नांवाच्या केळ्याचें राज्य होतें. मुनव्यांपासून वाढविलेलीं तीं लाखों झाडें म्हणजे जणूं एकच झाड. पनामा रोगाची बुरशी जमिनींत शिरली, तेव्हां तिला तोंड देईल असें वेगळ्या गुणांचें एकही झाड त्यांत नव्हतें. १९६० च्या सुमारास त्या केळ्याचा मोठा व्यापार बसला आणि दुसऱ्या जातीला जागा द्यावी लागली.

हायड्राच्या वर्तनांतही ही सावधगिरी दिसते. दिवस बरे असतात तोंवर तो कळ्या देतो. थंडी पडूं लागली किंवा परिस्थिति प्रतिकूल झाली कीं अनेक जातींचे हायड्रे कळ्यांऐवजीं अंडीं आणि शुक्रपेशी निर्माण करतात. दोन जीवांचे गुण एकत्र येऊन जें बीज बनतें त्यावर कठीण कवच चढतें आणि तें वाईट दिवस काढून नव्या ऋतूंत उघडतें. त्यांतून निघणारा जीव आईची नक्कल नसतो. म्हणून बदललेल्या जगांत टिकण्याची एक निराळी संधि त्याच्यापाशीं असते.

आणि येथेंच सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. हायड्राच्या ऑलिगॅक्टिस नांवाच्या एका तपकिरी जातीचे प्राणी उबदार पाण्यांत कळ्या देत तरुण राहतात. पाणी सुमारें दहा अंश सेंटिग्रेडपर्यंत थंड केलें कीं ते अंडीं-शुक्रपेशी तयार करूं लागतात. आणि त्यानंतर त्यांतील पुष्कळांचे बाहु आंखूड होत जातात, भक्ष्य पकडण्याची ताकद ओसरते, आणि कांहीं महिन्यांत ते मरून जातात. ज्याला म्हातारपण म्हणूं नये असें कोणतेंही लक्षण त्यांत नाहीं. परंतु दुसऱ्या जातींचे हायड्रे लैंगिक प्रजनन करूनही तसे खंगत नाहींत; तेव्हां ही गांठ सर्वत्र सारखी घट्ट नाहीं.

यावरून एवढें तरी निश्चित दिसतें कीं, वार्धक्य हें जीवनाच्या करारांतलें अपरिहार्य कलम नव्हे. कोणी तें पत्करलें, कोणी टाळलें, तर कोणी एकाच आयुष्यांत दोन्ही रीति चालविल्या. आपण ज्या वाटेनें आलों त्या वाटेवर मूल आईची प्रतिकृति नसतें, आणि तें मोठें होत असतां आई म्हातारी होते. मनुष्याचा मेंदु ज्या मज्जापेशींचा बनला आहे त्या बहुतांशीं जन्मभर त्याच राहतात; हायड्राप्रमाणें त्या गळून नव्या येत गेल्या असत्या तर बालपणच्या आठवणी कोठें ठेवल्या असत्या, असा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. जें हायड्राला मिळालें तें आपणांस नाहीं; पण आपणांस जें मिळालें त्याची हायड्राला वार्ताही नाहीं.

ज्यांना हें सारें स्वतः पाहावयाचें असेल त्यांनीं स्वच्छ तळ्यांतल्या पाण्यासह थोड्या पाणवनस्पति काचेच्या बरणींत आणून खिडकीजवळ, पण ऊन लागणार नाहीं अशा जागीं ठेवाव्या आणि बरणी हालवूं नये. एखाद्या दिवसानें उजेडाच्या बाजूच्या कांचेवर भिंग धरून पाहावें. प्रत्येक तळ्यांत हायड्रा असतोच असें नाहीं. दोनतीन ठिकाणचें पाणी पाहावें लागेल. दैव अनुकूल असलें तर शिवणाच्या दोऱ्याच्या उसवलेल्या टोंकासारखें कांहीं कांचेला चिकटलेलें दिसेल, आणि त्याच्या कुशीला तसेंच दुसरें, पण लहान. त्या दोहोंपैकीं आई कोणती हें आपण आज बोट दाखवून सांगूं शकाल. चार दिवसांनीं तें लहान सुटून वेगळें होईल. आणि तें आईइतकें वाढल्यावर मग मात्र कांहीं केल्या सांगतां येणार नाहीं.